आत्याबाई आणि विहीणबाई एका कपाटात नकोत

मागची खोली पेटली ती मंगळवारी भर दुपारी. मिस्त्री त्या वेळी जेवून आडवे झाले होते आणि त्यांचं घोरणं ऐन रंगात आलं होतं. बायको मागच्या दोरीवर कपडे वाळत घालत होती, तिला धूर दिसला. तिनं बंबाला फोन केला, मेन स्विच पाडला, धुण्याच्या दोन्ही बादल्या त्या खोलीच्या दारावर रिकाम्या केल्या आणि मग नवऱ्याला उठवलं. या क्रमाचं मिस्त्रींना पुढे बरेच दिवस वाईट वाटत होतं.

मिस्त्री हे काही खरे मिस्त्री नव्हेत. एकतीस वर्षं त्यांनी एका कचेरीत डावीकडच्या ट्रेमधला कागद शिक्का मारून उजवीकडच्या ट्रेमध्ये ठेवला. संध्याकाळ आणि रविवार मात्र मागच्या खोलीत. मोडक्या खुर्च्या जोडायच्या, जुनी टेबलं घासायची, पॉलिश करायचं. नातेवाइकांनी थट्टेनं 'मिस्त्री' म्हणायला सुरुवात केली आणि नाव असं चिकटलं, की आता पोस्टमनही त्याच नावानं हाक मारतो. निवृत्त झाल्यापासून तर ते त्या खोलीतून फक्त जेवायला आणि झोपायला बाहेर येत. कचेरीत त्यांच्या हातून एकतीस वर्षांत एकही गोष्ट पुरी झाली नव्हती. कागद पुढच्या टेबलावर गेला की त्याचं पुढे काय झालं, हे कधी कळायचंच नाही. इथे मात्र तीन पायांची खुर्ची यायची आणि चार पायांवर उभी राहून जायची. मिस्त्रींना त्या खोलीवाचून जगणं म्हणजे पुन्हा कचेरीत जाण्यासारखं वाटत होतं, तेही पगाराशिवाय.

आगीत खोलीचं छप्पर गेलं, स्वयंपाकघराला टेकवून ठेवलेल्या फळ्या गेल्या, कामाचं टेबल कोळसा झालं. कोपऱ्यातलं लोखंडी कपाट तेवढं काळंठिक्कर पडून उभं राहिलं. आतले डबे आणि बाटल्या शाबूत होत्या. बंबवाले म्हणाले, नशीब म्हणा, ते कपाट आणखी तापलं असतं तर शेजाऱ्यांनाही हलवावं लागलं असतं. मिस्त्रींनी शेजाऱ्यांकडे बघण्याचं टाळलं.

बायको मुळातच कमी बोलणारी. त्यामुळे ती बोलत नाहीये, हे मिस्त्रींच्या ध्यानात यायला चार दिवस लागले. ताट वेळेवर येत होतं, कपड्यांना इस्त्री होत होती, रात्री दाराला कडी लागत होती. पण शब्द नाही. पाचव्या दिवशी त्यांनी मुद्दाम भाजीत मीठ जास्त झाल्याची तक्रार केली. झालं नव्हतं. बायकोनं ताट उचललं, भाजी बदलून आणली आणि समोर ठेवली. मिस्त्रींची पाचावर धारण बसली.

आणि नेमकी त्याच वेळी तिच्या होकाराची गरज होती. अग्निशमन खात्याचं पत्र आलं होतं. रविवारी तपासणी अधिकारी येणार. आगीचं कारण नोंदवणार, घरातल्या प्रत्येक धोकादायक पदार्थाची यादी दोन साक्षीदारांसमोर करणार, आणि शेवटी, त्याच जागी काम पुन्हा सुरू करायचं असेल तर घरात राहणाऱ्या दुसऱ्या सज्ञान व्यक्तीची लेखी संमती घेणार. घरात दुसरी सज्ञान व्यक्ती एकच होती. (पहिली होती की नाही, याबद्दल आगीनंतर नातेवाइकांत दोन मतं होती.) मिस्त्रींनी मग रोज सकाळी स्वतः चहा करायला घेतला, दोनदा तिच्या बांगड्यांची स्तुती केली आणि एकदा तर विचारलं, की तुझी कंबर कशी आहे. कंबर मिस्त्रींची दुखायची. बायको नुसती बघत राहिली.

तरी संमतीपेक्षा त्यांना जास्त धास्ती होती ती यादीची.

त्याचं असं झालं होतं. साडूंनाही काही वर्षांपूर्वी पॉलिशचा नाद लागला. ते घरी येत, गप्पा मारता मारता मागच्या खोलीत डोकावत आणि बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या वाचून मिस्त्रींची कृती जशीच्या तशी उतरवून नेत. एका लग्नघरी साडूंनी चकचकीत केलेल्या कपाटाची वाहवा मिस्त्रींना स्वतःच्या कानांनी ऐकावी लागली. त्या दिवशी घरी येऊन त्यांनी सगळ्या चिठ्ठ्या ओल्या करून खरवडून काढल्या आणि नवीन लावल्या. आत काय आहे ते लिहायचं नाही. त्याऐवजी ज्या नातेवाइकाचा स्वभाव त्या पदार्थासारखा, त्याचं नातं लिहायचं. हे इतकं सोपं होतं, की वहीत टिपण ठेवायचीही गरज पडली नाही. एकही नाव ते कधी विसरले नाहीत.

रविवारी सकाळी मदतीला म्हणून मंडळी जमली. मिस्त्रींची आत्या आली, ब्याऐंशी वर्षांची, काठी टेकत. बायकोचा भाऊ आला आणि आल्या आल्या कुणीतरी खराटा देण्याच्या आत फोनवर बोलत फाटकापाशी गेला. साडू आले, ते येण्याच्या आधी त्यांचं अत्तर आलं. बायको स्वयंपाकघराच्या दारात ओल्या फडक्यानं चौकट पुसत होती. अकरा दिवस ती तीच चौकट पुसत होती आणि काजळी अजून निघत होती.

अधिकारी बाई दहाच्या ठोक्याला आल्या. वयानं मिस्त्रींच्या मुलीएवढ्या, जाड तळव्यांचे बूट, हातात पुठ्ठ्यावर लावलेले कागद. चेहऱ्यावर हसू नाही आणि रागही नाही. त्यांनी कपाटातल्या सगळ्या वस्तू अंगणात, विटांवर टाकलेल्या एका जुन्या दारावर ओळीनं मांडून घेतल्या, आत्या आणि साडू यांना साक्षीदार म्हणून खुर्च्यांवर बसवलं आणि पहिल्या बाटलीवरची चिठ्ठी मोठ्यानं वाचली.

"आत्या," त्या म्हणाल्या. "हे काय आहे?"

मिस्त्री म्हणाले, ती आपली एक लाडाची खूण आहे. बाईंनी विचारलं, आत काय आहे. मिस्त्री म्हणाले, मी तुम्हाला बाजूला सांगतो. बाई म्हणाल्या, साक्षीदारांना ऐकू यायला हवं. मिस्त्री म्हणाले, आत्याला कमी ऐकू येतं. आत्या म्हणाली, मला सगळं ऐकू येतंय. बाईंनी मग शांतपणे सांगितलं, की ज्या बाटलीत काय आहे हे मालक सांगत नाही, ती अनोळखी म्हणून नोंदली जाते. अनोळखी बाटल्या तीनपेक्षा जास्त असतील तर जागेला सील लागतं. दारावर एकूण सात बाटल्या-डबे होते.

मिस्त्रींनी एकदा जळक्या खोलीकडे पाहिलं, एकदा आत्याकडे.

"ॲसिड," ते म्हणाले. "पितळी बिजागऱ्या साफ करायला. एक थेंब पडला की आरपार जातो."

अंगणात अशी शांतता पसरली, की फाटकापाशी मेहुणा फोनवर 'नाही, नाही, मी इथे कामात आहे' असं म्हणाला ते सगळ्यांना ऐकू आलं. आत्यानं काठी दुसऱ्या हातात घेतली.

"पाणी घातलेलं की असली?" तिनं विचारलं.

"असली, आत्या."

आत्यानं मान डोलावली आणि खुर्चीत जरा ताठ बसली. ती रागावली नव्हती. उलट इतक्या वर्षांत कुणीतरी आपली नीट दखल घेतली, असा भाव तिच्या तोंडावर होता. मिस्त्रींना थोडा धीर आला, पण तो फार टिकला नाही.

पुढची बाटली मेहुण्याची होती, मूळची सरबताची, त्यात स्पिरिट. बाईंनी नियमाप्रमाणे विचारलं की वापर कशासाठी, आणि मिस्त्री जे आहे ते बोलून गेले, की पॉलिश पातळ करायला, पण झाकण जरा सैल राहिलं की उडून जातं आणि ऐन कामाच्या वेळी बाटली रिकामी सापडते. नेमका तेव्हाच मेहुणा फोन संपवून परत आला होता. चिठ्ठीवर 'मेहुणा' वाचून त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. असं असेल तर भावोजींच्या घरात मी क्षणभर थांबणार नाही, असं म्हणून तो निघालाही. बाई लिहिता लिहिता म्हणाल्या, "हवेत उडून जातं, बरोबर," आणि पुढच्या डब्याकडे वळल्या. मेहुणा फाटकापर्यंत जाऊन घुटमळला, कारण जावं तर बाटलीबद्दल सांगितलेलं खरं ठरत होतं. शेवटी त्यानं आयुष्यात पहिल्यांदा स्वतःहून खराटा उचलला.

साडू म्हणजे थिनर. वास आधी येतो आणि तासाभरानं डोकं धरतं, हे मिस्त्रींनी शक्य तितक्या हळू सांगितलं. साडूंना त्याचं काहीच वाटलं नाही. ते पुढे सरकून म्हणाले, "म्हणजे थिनर आहे तर. चिठ्ठ्या बदलल्यापासून मी याला टर्पेंटाइन समजत होतो. आणि साडूभाऊ, स्पिरिटशी त्याचं प्रमाण किती धरता?" बाईंनी साक्षीदारांना प्रश्न विचारता येत नाहीत असं सांगितल्यावर ते खिशातली चिठ्ठी परत खिशात ठेवत नाराजीनं मागे सरले.

मावससासूंच्या बाटलीत अमोनिया होता, झाकण उघडताक्षणी डोळ्यांत पाणी. मामेभावाच्या डब्यात सरस. एकदा येऊन टेकला की निघत नाही. हे दोघं सुदैवानं परगावी राहत. सहाव्या बाटलीवर विहीणबाई लिहिलेलं होतं आणि आत लाकडावरचे शाईचे डाग घालवायचं ब्लीच होतं.

"जिथे जाईल तिथला रंग उडवते," आत्या मध्येच म्हणाली. साक्षीदार असूनही तिला कुणी गप्प केलं नाही.

बाईंचं पेन मात्र थांबलं. त्यांनी विचारलं, आत्या आणि विहीणबाई कपाटात एकमेकींपासून किती लांब होत्या. मिस्त्री म्हणाले, एकाच फळीवर, शेजारी शेजारी. बाईंनी पहिल्यांदाच मान वर करून त्यांच्याकडे रोखून पाहिलं. त्या म्हणाल्या, ही दोन एकत्र सांडली तर विषारी वायू निघतो आणि खोलीतल्या माणसाला दारापर्यंत जायलाही सवड मिळत नाही. मिस्त्रींना मुलीचं लग्न आठवलं. जेवणाच्या वेळी कुणीतरी या दोघींना चुकून एका टेबलावर बसवलं होतं आणि दहा मिनिटांत आजूबाजूची चार टेबलं रिकामी झाली होती. इतकं डोळ्यांनी बघूनही आपण फळीवर तीच चूक केली, याची त्यांना खरोखर लाज वाटली.

मग बाई एकेक सांगत गेल्या आणि साडू भराभर उतरवून घेत गेले. यादीत नावं तीच असल्यामुळे बाईही तीच वापरत होत्या. आत्याबाई सगळ्यांत खालच्या फळीवर, प्लास्टिकच्या खोल तसराळ्यात, म्हणजे गळती झाली तरी पसरणार नाही. विहीणबाई त्या कपाटात नकोतच, त्यांना वेगळं कपाट, आणि मावससासूही विहीणबाईंपासून लांब. मेहुणे आणि साडू लोखंडी कपाटात, झाकणं घट्ट, विस्तवाच्या आणि विजेच्या बटणांच्या जवळपास नाहीत, आणि दोघंही लागतील तेवढेच घरात ठेवायचे. सरबताच्या बाटलीत काहीही भरायचं नाही. आणि प्रत्येकावर आत काय आहे त्याचं खरं नाव आणि तारीख. मेहुणा केर काढता काढता म्हणाला, की हे सगळं घरातल्या कार्याच्या वेळीही पाळायला हरकत नाही. त्यावर आत्याही हसली.

"आता शेवटचा," बाई म्हणाल्या आणि त्यांनी तेलकट, डाग पडलेला एक मोठा डबा पुढे ओढला. चिठ्ठीवर एकच अक्षर होतं. "ही. ही म्हणजे कोण?"

चौकटीवर फिरणारं फडकं थांबलं. मिस्त्रींना मात्र इथे भीती वाटली नाही. उलट इतक्या वेळानं एक चांगली गोष्ट सांगायची संधी आली म्हणून त्यांचा आवाज मोकळा झाला.

"ते जवसाचं तेल, मॅडम. घरगुती. भाजत नाही, उडत नाही, नाकाला झोंबत नाही. नुसता हात घातला तरी चालतो. सगळ्या लाकडाला जी चमक येते ती याचीच. या एकट्यापासून मला कधी धोका वाटला नाही. याचं झाकणही मी कधी लावलं नाही बघा, कुठेही ठेवलं तरी मुकाट्यानं राहतं."

बाईंनी शेवटची ओळ लिहून घेतली. मग त्यांनी पुठ्ठ्यावरचा वरचा कागद उलटला.

"आग हिनंच लावली," त्या म्हणाल्या.

सगळ्यांनी वळून मिस्त्रींच्या बायकोकडे पाहिलं. बाईंना ते कळलं आणि त्यांनी खुलासा केला, की त्या डब्याबद्दल बोलताहेत. डब्यातल्या तेलाचा दोष नाही. बंबवाल्यांच्या नोंदीप्रमाणे मंगळवारी सकाळी मिस्त्रींनी एका गोल टेबलाला तेल लावलं, चिंध्यांनी पुसलं आणि चिंध्या कोपऱ्यातल्या खोक्यात, आधीच्या चिंध्यांवर कोंबल्या. हे तेल वाळताना गरम होतं. चिंधी दोरीवर पसरली तर ती गरमी निघून जाते आणि काही होत नाही. पण एकावर एक दाबून ठेवल्या तर आतली गरमी आतच साठते, वाढत जाते, आणि मग ढीग आपोआप पेट घेतो. वापरलेल्या चिंध्या एकेक करून बाहेर वाळवायच्या, नाहीतर पाणी भरलेल्या डब्यात बुडवून झाकण लावायचं.

मिस्त्रींना हे पटेना. त्यांनी विचारलं, पण ठिणगी कुठून आली.

"ठिणगी लागत नाही. बाहेरून काहीच लागत नाही."

"मग आधी काही कळतं तरी का?"

"ढिगात हात घालून बघितलं तर गरम लागतं," बाई म्हणाल्या. "पण कुणी बघत नाही."

तेव्हा अकरा दिवसांत पहिल्यांदा बायको बोलली. मिस्त्रींशी नाही, बाईंशी.

"किती वेळ लागतो याला?"

बाई म्हणाल्या, काही तास, फार तर एखादा दिवस.

"मला अठ्ठावीस वर्षं लागली," बायको म्हणाली.

तिचा आवाज चढला नव्हता. तिनं फडकं खांद्यावर टाकलं आणि अंगणात उतरली. तिनं सांगितलं, की मागची खोली बांधली तेव्हा स्वयंपाकघराची एकुलती एक खिडकी त्या खोलीत गेली. मिस्त्री म्हणाले होते, थोडे दिवस, मग भिंतीत दुसरी काढून देतो. मग त्या खिडकीला फळ्या टेकल्या. अठ्ठावीस वर्षं ती भर दुपारी दिवा लावून भाजी चिरत आली. आणि त्या मंगळवारी छप्पर कोसळलं, फळ्या जळाल्या आणि बुधवारी सकाळी तिच्या ओट्यावर ऊन आलं. इतकं ऊन, की पिठाच्या डब्यावरची जुनी फुलं कुठल्या रंगाची आहेत ते तिला दिसलं.

मिस्त्रींना ती खिडकी आठवतही नव्हती, आणि हे त्यांना फार लागलं. ते म्हणाले, "अगं, मग एकदा तरी बोलायचंस. निदान या अकरा दिवसांत."

"या अकरा दिवसांतच तर बोलता येत नव्हतं," ती म्हणाली. "तुम्ही संमती मागणार हे मला माहीत होतं. आणि मी तोंड उघडलं की माझ्या तोंडून पहिला शब्द 'चालेल' निघतो. खोली बांधू का, चालेल. फळ्या ठेवू का, चालेल. म्हणून म्हटलं, तोंडच उघडायचं नाही."

आत्यानं काठी जमिनीवर एकदा आपटली. ते कौतुक होतं, पण त्या वेळी कुणाच्या ते लक्षात आलं नाही. अधिकारी बाईंनी संमतीचा कागद वर घेतला आणि विचारलं, त्याच जागी काम पुन्हा सुरू करायला तुमची संमती आहे का, काय लिहू.

"नाही," बायको म्हणाली. मग तो शब्द आपल्याच तोंडून कसा निघाला, हे तपासून बघावं तसं तिनं पुन्हा एकदा म्हटलं, "नाही. तिथे चालणार नाही."

मिस्त्रींच्या डोळ्यांसमोर डावीकडचा ट्रे आणि उजवीकडचा ट्रे उभे राहिले. त्यांना भांडावंसं वाटलं, विनवावंसं वाटलं, आत्याला मध्ये घालावंसं वाटलं. यातलं काहीच न करता त्यांनी चौतीस वर्षांच्या संसारात कधी न विचारलेला प्रश्न विचारला.

"मग कुठे चालेल?"

बायकोला बहुधा या प्रश्नाची सवय नव्हती. तिनं जरा विचार केला आणि अंगणाच्या पार टोकाला, कुंपणाच्या भिंतीलगत असलेल्या पत्र्याच्या शेडकडे बोट दाखवलं. घरापासून वीस पावलं लांब, तिन्ही बाजूंनी उघडी, जुन्या खोलीच्या निम्मीही नाही. तिथे लांब फळी उभी करता आली नसती. दोन माणसं आत आली असती तर एकाला बाहेर व्हावं लागलं असतं. अधिकारी बाई म्हणाल्या, वारा चांगला आहे, खात्याच्या दृष्टीनं उत्तम जागा. मिस्त्रींनी नजरेनंच ती शेड मापली. मोठं कपाट तिथे कधीच दुरुस्त होणार नव्हतं, हे त्यांना दिसत होतं. खुर्ची झाली असती. एका वेळी एक.

"चालेल," ते म्हणाले. सगळ्यांना ऐकू जावं यासाठी त्यांना ते दोनदा म्हणावं लागलं.

बाईंनी जागेच्या रकान्यात काट मारून नवीन जागा लिहिली आणि पेन पुढे केलं. बायकोनं ओळ न् ओळ वाचली, मग सही केली. आत्यानं केली, साडूंनी केली. तिकडे मेहुण्यानं खराटा भिंतीला टेकवला. मिस्त्रींना हायसं वाटलं. सगळं इतक्यावर निभावलं म्हणून ते उठायला लागले.

साडूंच्या हातून पेन बायकोनं परत घेतलं, पण ते बाईंना दिलं नाही. तिनं बाईंकडून एक कोरा कागदही मागून घेतला आणि तो विटांवरच्या दारावर, डब्यांच्या मधोमध नीट पसरला.

"बसा," ती नवऱ्याला म्हणाली. "आता माझं दुसरं 'चालेल' लिहू."

मिस्त्री बसले.